चालू ग्राहक

बुधवारी दुपारी माझे वडील सापडेनात. घरात होते ते, गॅलरीच्या दारापाशी खुर्ची ओढून बसलेले, त्याबद्दल शंका नव्हती. सापडत नव्हते ते माझ्या पडद्यावर. आमची कंपनी कानाची मशीनं विकते, बसवते, दुरुस्त करते, आणि त्या सगळ्याचे आकडे साहेबलोकांना दिसतील असे रिपोर्ट मी बनवते. शुक्रवारच्या मीटिंगसाठी त्या रिपोर्टांवरून शेवटचा हात फिरवत होते. नाव शोधायची चौकट चालते का बघायला काहीतरी टाकायचं, म्हणून वडिलांचं नाव टाकलं. आम्ही सगळे असंच करतो. नवं पेन हातात आलं की माणूस आधी आपलीच सही करून बघतो, तसं. चौकट चालली. तिने इमानेइतबारे शोधलं आणि खाली लिहून दिलं, एकही नोंद नाही. मी नावातली अक्षरं तपासली. आडनाव आधी टाकलं, मग नंतर. ग्राहक क्रमांक टाकला. तो मला पाठ आहे, कारण ते मशीन मीच कर्मचाऱ्यांच्या सवलतीत घेतलं होतं आणि त्यासाठी या टेबलावरून त्या टेबलावर सह्यांना फिरले होते. एकही नोंद नाही. दुरुस्तीच्या रिपोर्टात गेले, तिथे नाहीत. विक्रीच्या, तिथे नाहीत. तक्रारींच्या रिपोर्टात तर असायलाच हवे होते, तक्रार हा त्यांचा जन्माचा छंद, तिथेही नाहीत. अकराच्या अकरा रिपोर्ट पालथे घातले आणि अकरांनीही एका सुरात सांगितलं की असा माणूस नाही. कुणाला हसू येईल, पण मी घरी फोन लावला. नवऱ्याची सुट्टी होती, त्याने उचलला. 'बाबा कुठायत?' 'इथेच. शब्दकोडं सोडवतायत. का गं?' 'काही नाही,' मी म्हटलं, 'सहज.'

डोकं ठिकाणावर यायला फार वेळ लागला नाही. अकरा जण एकच गोष्ट एका सुरात सांगतात तेव्हा त्यांना पढवणारा कुणीतरी एक असतो, आणि इथे पढवणारी मीच होते. मी यायच्या आधी या कंपनीत मीटिंग म्हणजे कुस्ती असायची. विक्रीवाले ग्राहकांचा एक आकडा सांगायचे, दुरुस्तीवाले दुसरा, आणि हिशेबखात्याचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसते हिशेबवाले म्हणतात, ते दोघांकडे चष्म्यावरून बघून तिसराच. खोटं कुणीच बोलत नव्हतं. एकाने वर्ष जानेवारीपासून धरलेलं, दुसऱ्याने एप्रिलपासून, एकाने सगळी केंद्रं, दुसऱ्याने मोठी तेवढीच. मी सगळ्या रिपोर्टांना मिळून एकच फिल्टर लावला. कुठल्याही एका रिपोर्टात वर्ष निवडा, केंद्र निवडा, बाकीचे दहा आपोआप तेच निवडतात. मोठ्या साहेबांनी त्याचं नाव ठेवलं गाळणी. 'बाईंनी एका गाळणीतून अकरा कप ओतले,' असं ते पाहुण्यांना सांगायचे, आणि मी लाजल्यासारखं करायचे. लाजत वगैरे नव्हते. मला माझ्या कामाचा अभिमान आहे आणि तो लपवण्याइतकी मी साधी नाही. पुढे साहेबच म्हणाले की वारलेली माणसं, गाव सोडून गेलेली माणसं आकड्यांत घोळ घालतात, ती काढा. रास्त होतं. मी गाळणीत एक अट घातली, ग्राहक 'चालू' हवा. चालू म्हणजे गेल्या वर्षभरात एकदा तरी केंद्राची पायरी चढलेला, बॅटरीला म्हणा, सफाईला म्हणा. कुणी चुकून ती अट काढू नये म्हणून तिला कुलूप लावलं, आणि कुलूप पडद्यावर ओंगळ दिसतं म्हणून ते लपवलं. आज कुणी सांगितलं तर पुन्हा असंच करीन, फक्त लपवलेलं कुलूप लपवणाराही विसरतो एवढं ध्यानात ठेवीन. तर माझे वडील चालू ग्राहक नव्हते. माणूस म्हणून ते चांगलेच चालू आहेत, हे मला संध्याकाळी कळायचं होतं.

माझ्याकडच्या प्रतीत मी कुलूप काढलं आणि अट पुसली. वडील लगेच हजर झाले, करड्या रंगात, नावापुढे 'बंद'. मशीन बसवलं तो दिवस, त्यानंतर एकदा तपासणी, आणि मग काही नाही. दोन वर्षांहून जास्त काळ काहीच नाही. बॅटऱ्या मी ऑफिसच्या कपाटातून परस्पर घरी नेत होते, तेव्हा बॅटरीला ते आले नसणार हे ठीक. पण सफाईला? 'फिरायला गेलो होतो ना, तसाच जाऊन आलो केंद्रात,' असं ते दर काही महिन्यांनी सांगायचे, आणि मी म्हणायचे, 'शहाणे आहात.' त्यांच्या खाली आणखी नावं होती, करड्या रंगाची रांगच्या रांग. मी यादी खाली सरकवत गेले आणि ती संपेना. तेव्हा दुसरा धक्का बसला, तो कामाचा होता. शुक्रवारच्या मीटिंगला एकच विषय होता, घरभेट विभाग बंद करायचा की नाही. मशीन केंद्रात बसवतात तेव्हा ते एका गादी मारलेल्या खोलीत कानाला जुळवतात, जिथे टाचणी पडली तरी ऐकू येते. पण माणूस राहतो घरात, आणि घरात टाचण्या पडत नाहीत, पातेली पडतात. म्हणून आमची काही माणसं गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन, तिथल्या आवाजांत मशीन पुन्हा जुळवून देतात. खर्चिक काम आहे. आणि अकराच्या अकरा रिपोर्ट सांगत होते की घरी गेलं काय, न गेलं काय, ग्राहक तितकाच खूश. मी अट काढून तेच आकडे पुन्हा बघितले. ज्यांच्या घरी आमचा माणूस गेला होता, त्यांतले फार थोडे करडे झाले होते. ज्यांच्याकडे गेला नव्हता, त्यांतले निम्म्याहून जास्त. जे उरले ते खूशच होते, खूश होते म्हणून तर उरले. आम्ही इतके दिवस ऐकू येणाऱ्यांनाच विचारत होतो, ऐकू येतं का म्हणून.

घरी जाताना मला आनंद झाला होता, हे मी नाकारणार नाही. असा दोष सापडला की कामाच्या माणसाला एक खुशी होते, सुताराला लाकडातली गाठ हाताला लागल्यावर होते तशी. जिना चढेपर्यंत ती खुशी होती. दार उघडलं तर बाबा माझ्याकडे पाठ करून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. मी चपला काढल्या, पिशवी ठेवली, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, 'बाबा, घराला आग लागलीय.' त्यांनी एक पिवळं पान खुडलं. 'बाबा, मी नोकरी सोडली.' त्यांनी ते पान कुंडीतच टाकलं, खत म्हणून. नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, त्याने माझ्याकडे बघितलं, मी तोंडावर बोट ठेवलं. मग मी त्यांच्या समोर गेले. ते वळले, हसले, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, 'आलीस? आज दमलेली दिसतेस.' आता याला काय म्हणायचं? माझे वडील बँकेत नोकरी करायचे आणि संध्याकाळी एका हौशी नाटकमंडळीत प्रॉम्प्टर होते. स्वतः कधी तोंडाला रंग लावला नाही. विंगेत उभं राहायचं, नटाचा चेहरा वाचायचा, तो कुठे अडणार हे त्याच्या आधी आपल्याला कळायला हवं, आणि हळूच पुढचं वाक्य द्यायचं. लहानपणी मी त्यांच्या पायाशी बसून हे बघितलंय. ते ओठांकडे बघत नसत, भुवयांकडे बघत. दोन वर्षं हा माणूस माझ्या घरात विंगेत उभा होता आणि मला वाक्यं देत होता. 'असं होय.' 'बघू.' 'तू म्हणशील तसं.' एकदाही चुकला नाही, किंवा चुकला असेल तर आम्ही समजलो, वय झालं.

जेवायच्या आधी ते आंघोळीला गेले तेव्हा मी त्यांच्या टेबलाचा ड्रॉवर उघडला. न दिसणारं मशीन, हीच तर त्याची जाहिरात होती, कानाच्या आत पार बुडून बसणारं. मीच हौसेने ते निवडलं होतं, चारचौघांत त्यांना कानकोंडं व्हायला नको म्हणून. ते इतकं न दिसणारं होतं की कानात नसलेलंही दिसत नव्हतं. डबीत होतं, कापसाच्या बिछान्यावर. आणि डबीच्या बाजूला मी आणलेली बॅटऱ्यांची पाकिटं, एकही न फोडलेलं, नीट एकावर एक रचलेली, वर रबर लावलेलं. बँकेची सवय. मला हसू आलं. मी ड्रॉवर लावून घेतला आणि तिथेच त्यांच्या पलंगावर टेकले, आणि हसू अर्धवट असतानाच ते आठवलं, आणि हसू कुठे गेलं ते कळलं नाही. बरं केलंस. हे दोन शब्द त्यांनी मला याच खोलीत दिले होते. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले त्या वर्षीची गोष्ट. चादरी वाळून आल्या होत्या, आम्ही दोघं घडी घालत होतो, ते तिकडची दोन टोकं धरून, मी इकडची. चादरीची घडी घालताना दोन माणसं समोरासमोर असतात पण जवळ नसतात, बोलायला ते अंतर बरं पडतं. मी त्यांना सांगितलं जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते टोकं घेऊन चालत माझ्याजवळ आले, माझ्या हातात दिली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'बरं केलंस.'

सांगितलेली गोष्ट अशी. आमच्या घराण्यात सगळ्यांना माहीत आहे की मला मूल होत नाही. मावशीला माहीत आहे, दादाला, वहिनीला, वहिनीच्या माहेरच्यांना, आईच्या बरोबर बागेत फिरायला येणाऱ्या बायकांना, सगळ्यांना. कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळेल, आणि उत्तराच्या आधी एक छोटा सुस्कारा. ही आवृत्ती आईने काढली. आमच्या लग्नाला काही वर्षं झाल्यावर लोक तिला टोचायला लागले, आणि ती एका समारंभात कुणाला तरी म्हणाली, 'डॉक्टरांचं चालू आहे.' तिने ते माझ्या बचावासाठी केलं, माझ्यावर माया होती म्हणून केलं. झालं, तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी तेच. मला होत नव्हतं असं नाही. मला नको होतं. नवऱ्याशी लग्नाआधी बोलले होते, तो म्हणाला होता, 'मला तू हवी आहेस, बाकी बघू,' आणि त्याने ते कधी परत काढलं नाही. मला या निर्णयाचा पश्चात्ताप कधी झाला नाही, आजही नाही. हे मी छाती ठोकून सांगते असं नाही, साधं सांगते. पण आईचं वाक्य मी खोडलंही नाही. लोक कीव करतात तेव्हा प्रश्न विचारत नाहीत, आणि मला प्रश्न नको होते. मावशी फोनवर 'बिचारी गं माझी' म्हणायची, मी फोन दुसऱ्या कानाला लावून भाजी निवडत बसायचे. मात्र आई गेल्यावर मला वाटलं, एका माणसाला तरी खरं माहीत हवं. नवरा धरत नाही, तो माझ्याच बाजूचा. एका माणसाला, ज्याला ते आवडणार नाही आणि तरी जो मला टाकणार नाही. आणि त्या माणसाने ऐकून म्हटलं, बरं केलंस. त्या दोन शब्दांवर मी दोन वर्षं मजेत काढली. मावशीच्या सुस्काऱ्यांकडे कानाडोळा करता आला तो त्या शब्दांच्या जोरावर. मीटिंगमध्ये मान ताठ असायची ती, आता वाटतं, त्यातली थोडी तिथून आलेली. आणि तेव्हा मशीन ड्रॉवरमध्ये होतं. तारखांचा मेळ मी पलंगावर बसल्या बसल्या लावला, हिशेबवाल्यांनी लावला असता तसा, आणि तो लागला. त्यांनी माझा चेहरा वाचला होता आणि त्याला शोभेल ते वाक्य दिलं होतं.

जेवताना मी ताटाकडेच बघत होते. बाबा म्हणाले, 'ऑफिसात काही झालं का?' मी नाही म्हणून मान हलवली. नंतर नवऱ्याला सगळं सांगितलं, मशीनचं आणि चादरीचं. तो भांडी पुसत होता. 'मग?' तो म्हणाला. 'मग काय? त्यांनी ऐकलंच नव्हतं.' 'पण तू तर सांगितलं होतंस.' 'ते कुणाला, भिंतीला?' 'भिंतीला कान असतात म्हणतात,' तो म्हणाला, आणि माझं तोंड बघून पुसलेलं ताट पुन्हा पुसायला लागला. मग म्हणाला, 'अगं, सोडून दे ना. बरं केलंस म्हणालेत ना ते. राहू दे तसंच. कशाला उकरायचं?' आणि खरंच, ते सोपं होतं. ते दोन शब्द मला मिळाले होते, कुणी परत मागत नव्हतं. त्यांना मशीन नको असेल तर नको. जुळतंय ना सगळं, मग जुळू दे. हे वाक्य मनात आलं आणि मी चमकले, कारण ते मी गेल्याच आठवड्यात हिशेबवाल्यांच्या तोंडून ऐकलं होतं.

शुक्रवारी हिशेबवाल्यांनी तेच ऐकवलं. मोठा पडदा उघडा होता, मोठे साहेब टेबलाच्या टोकाशी बसलेले, बाकी खातेप्रमुख आपापल्या कपांशी चाळा करत. 'एक रिपोर्ट असता तर मी शंका घेतली असती,' हिशेबवाले म्हणाले, 'अकरा आहेत. अकराच्या अकरा जुळतात. घरभेटीवर आपण वर्षाकाठी जो खर्च करतो तो निव्वळ हौस आहे. आणि हे रिपोर्ट बाईंचेच आहेत, माझे नाहीत.' सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. 'साहेब,' मी म्हटलं, 'हे अकरा साक्षीदार नाहीत. एकच साक्षीदार अकरा खुर्च्यांवर बसलाय.' मग मी कुलूप काढून दाखवलं. बोलत काही बसले नाही. अट पुसली, आणि एका रिपोर्टात पुसल्याबरोबर बाकीचे दहाही हलले, माझी गाळणी तशीच आहे, गुणी. करड्या रंगाने पडदा भरून गेला. विक्रीवाले पुढे वाकले. 'ही कोण सगळी?' मोठे साहेब म्हणाले. 'आपलेच ग्राहक. थोडे वारलेले, थोडे गाव सोडून गेलेले, बाकी मशीन कपाटात टाकून बसलेले. ते केंद्रात येत नाहीत, तक्रार करत नाहीत, म्हणून आपण त्यांना मोजत नाही.' मी घरभेट झालेले आणि न झालेले वेगळे केले आणि करड्यांच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, एक बुटकी, एक उंच. कुणाला समजावून सांगायची गरज पडली नाही. साहेब म्हणाले, 'म्हणजे आपण इतके दिवस चुकीचं बघत होतो.' 'चुकीचं नाही साहेब. बरोबरच बघत होतो, पण जे राहिले त्यांचंच.' हिशेबवाले चष्मा पुसत म्हणाले, 'पण हे तुम्हाला आत्ताच कसं दिसलं?' मी सांगून टाकलं, 'माझे वडील यात आहेत. ही इथे, चौथी ओळ. आपलं मशीन, आपल्या सवलतीत, आमच्याच ड्रॉवरमध्ये.' कुणी हसलं नाही, मग मोठे साहेब हसले, आणि मग सगळे. घरभेट राहिली. उलट ठरलं की करड्या रांगेतल्या प्रत्येकाकडे एकदा माणूस पाठवायचा, आणि पहिला कुठे, ते सांगायची गरज नव्हती. चालू ग्राहकाची अट मी परत लावली, ती लागतेच, पण कुलूप उघड्यावर ठेवलं, कोपऱ्यात, लाल. ओंगळ दिसतं. दिसू दे.

बाहेर पडताना मला वाटायला हवं होतं की जिंकले. वाटलंही. पण जिन्यात एकटी झाले तेव्हा जाणवलं की एवढ्या लोकांपुढे मी ज्या गोष्टीसाठी भांडले, तीच घरी करायला मी मागेपुढे पाहतेय. त्यांच्या कानात मशीन गेलं की दोन वर्षांचं 'बरं केलंस' गेलं. मला ते परत सांगावं लागेल. आणि या वेळी ते ऐकतील.

शनिवारी सकाळी कानसेन आला. घरभेटीचा हा तंत्रज्ञ पन्नाशीचा आहे, खांद्याला मोठी बॅग, आणि हे नाव त्याने स्वतःच ठेवून घेतलंय. तानसेन होता आलं नाही, कानसेन तरी होऊ, म्हणतो. मी बाबांना आधी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी त्याला बघितलं, बॅग बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि चोरी पकडली गेलेल्या माणसासारखे उठून आतून डबी घेऊन आले. मी कागदावर लिहिलं, 'का?' ते म्हणाले, 'त्या खोलीत सगळं गोड लागत होतं गं. घरी आलो आणि चमचा पडला की कानठळ्या. नळ सोडला की धबधबा. माणसाचं बोलणं मात्र तेवढंच लांब.' मी लिहिलं, 'मग सांगितलं का नाहीत?' 'तू इतक्या कौतुकाने आणलं होतंस,' ते म्हणाले. मी कागद उलटा करून ठेवला. कानसेनने मशीन पुसलं, एक पाकीट फोडलं, त्यांच्या कानात बसवलं आणि मला आणि नवऱ्याला कामाला लावलं. 'नळ सोडा. ताटं आदळा. खुर्ची ओढा, चांगली कुरकुरू द्या. दादा, तुम्ही मिक्सर लावा, रिकामाच.' नवऱ्याने इतक्या मन लावून भांडी वाजवली की शेजारचे डोकावून गेले. बाबा मध्ये खुर्चीत बसून सांगत होते, 'हे टोचतंय. हे चाललं. आता तिचा आवाज आला.' कानसेन मांडीवरच्या पडद्यावर बोटाने रेघा वरखाली करत होता. शेवटी तो माझ्यामागे उभा राहून हळू म्हणाला, 'ताई, आता त्यांच्या पाठीमागे जाऊन काहीतरी बोला.' मी मागे गेले. आग लागलीय म्हणवेना. म्हटलं, 'बाबा, चहा टाकू?' ते वळले नाहीत. 'टाक,' म्हणाले, 'पण त्या दिवशी आग लागली होती म्हणे?' आणि नवरा इतका हसला की मला कळलं, त्यानेच मघाशी चुगली केली होती.

त्या संध्याकाळी बाबा घरभर फिरले. फ्रीजपाशी उभे राहिले, घड्याळाखाली उभे राहिले. मावशीचा फोन आला तेव्हा त्यांनी तो स्वतः घेतला आणि बराच वेळ नुसतं 'हं, हं' करत राहिले, आणि फोन ठेवून मला म्हणाले, 'ही तुझ्याविषयी बोलताना नेहमी अशीच बोलते का?' मी म्हटलं, 'नेहमी.' ड्रॉवर जवळ होता, डबी त्यात होती, आणि मला वाटलं आता ते मशीन काढून ठेवतील. ठेवलं नाही.

रविवारी मी चादरी धुतल्या. अजून आठवडा चालल्या असत्या, मुद्दामच धुतल्या. वाळल्यावर आत आणल्या, पलंगावर टाकल्या, आणि बाबांना हाक मारली, दुसऱ्या खोलीतून, नेहमीच्या आवाजात. आले. तिकडची दोन टोकं त्यांनी उचलली, इकडची मी. चादर ताणली. 'बाबा,' मी म्हटलं, 'मागे एकदा आपण अशीच घडी घालत होतो. मी तुम्हाला काही सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बरं केलंस.' ते आठवायला लागले. 'म्हणालो असेन.' 'काय सांगितलं होतं मी?' खोटं बोलायला वाव होता. त्यांच्या भुवयांकडे बघून मला कळत होतं की ते माझ्या भुवयांकडे बघताहेत. मग त्यांनी नजर चादरीवर वळवली. 'आईचे कपडे देऊन टाकलेस म्हणालीस ना?' ते म्हणाले. 'चेहरा तसाच होता तुझा.' आईचे कपडे अजून वरच्या कप्प्यात आहेत, मी त्यांना हात लावलेला नाही. 'नाही,' मी म्हटलं. 'मी सांगितलं होतं की आई सगळ्यांना सांगायची ते खरं नव्हतं. आम्हाला मूल होत नव्हतं असं नाही. नको होतं. मलाच नको होतं, बाबा.'

ते पुढे आले नाहीत. चादर मधोमध जराशी खाली आली, त्यांच्या हाताचा ताण सुटला होता. बाहेर कुणीतरी गाडी पुसत होतं, बादलीच्या कडीचा आवाज आला, आणि त्यांनी मान किंचित तिकडे केली, म्हणजे ऐकू सगळं येत होतं. 'मला वाईट वाटलं,' ते म्हणाले. कुणाला तरी पत्ता सांगावा तसं साध्या आवाजात म्हणाले. 'मला नातवंड हवं होतं. तुझ्या आईलाही. आम्ही दोघं तुझ्यासाठी किती हळहळायचो.' 'माहीत आहे.' 'ते सगळं हळहळणं फुकट गेलं म्हणायचं.' यावर हसायचं की नाही ते मला कळेना, त्यांनाही कळलं नसावं. मग त्यांनी चादरीचं एक टोक सोडलं आणि तो हात कानाकडे नेला. मी बघत राहिले. मनात म्हटलं, काढतील तर काढू देत. ऐकलं, वाईट वाटलं, ते मला सांगितलं, हे त्या दोन शब्दांपेक्षा कितीतरी जास्त आहे, एवढ्यावर मी राहीन. त्यांनी बोटाने मशीन आत दाबलं, नीट बसलंय ना बघतात तसं, आणि सोडलेलं टोक पुन्हा उचललं.

'आयुष्यभर लोकांना पुढचं वाक्य दिलं,' ते म्हणाले. 'इथे मला पुढचं येत नाही. तूच सांग. का नको होतं?'

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी माझ्याकडची टोकं घट्ट धरली आणि पहिल्यापासून सांगायला लागले.